घड्याळातले अडतीस ठोके

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी गॅसवर चहा ठेवला आणि सवयीने बाबांच्या घड्याळाचं अ‍ॅप उघडलं. रात्रीचे हृदयाचे ठोके... मिनिटाला अडतीस. चहा उतू गेला तरी मी स्क्रीनकडेच बघत होते.

मी वर्ध्याला नोकरी करते. आईबाबा कारंजा घाडगेजवळ आमच्या गावी भाजीपाल्याची शेती करतात. गेल्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकावा लागला. तेव्हापासून माझा अर्धा जीव तिकडेच... म्हणून त्यांच्यासाठी स्मार्टवॉच घेतलं. त्यांची झोप, त्यांचे ठोके मला इथे बसून दिसावेत, एवढ्यासाठी.

आजवर मी दिवसाचेच आकडे बघत आले होते, ते व्यवस्थित असायचे. बहात्तर, अठ्ठ्याहत्तर... मागच्या काही रात्री उघडून बघितल्या, तर सगळं घसरलेलं. चाळीस, अडतीस, एकदा तर छत्तीस! झोपही तुकड्यातुकड्यांची. त्यात पहाटे चार वाजता तीनशे पावलं चालल्याची नोंद.

फोन करून विचारलं, "बाबा, चारला उठून कुठे जाता?"

"मी काऊन उठू चारले? सहाच्या आधी डोया उघडत नाई माहा."

म्हणजे घड्याळच बिघडलं, असं मी ठरवून टाकलं. कस्टमर केअरला फोन लावला. ते म्हणाले, रात्री पट्टा सैल होत असेल, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा. बांधायला लावला. मग सेन्सर पुसून झाला, अ‍ॅप अपडेट झालं. शेवटी पूर्ण रीसेट मारून बाबांचं वय, वजन, उंची पुन्हा भरली... हे सगळं फोनवरून. "आता कोणतं बटन दाबू?" असं विचारून विचारून बाबा वैतागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं... एकोणचाळीस.

आता मात्र घड्याळाला दोष देता येईना. बाबांच्या गोळ्यांत एक ठोके कमी करणारी गोळी आहे. तिचाच परिणाम असणार, असं डोक्यात बसलं. आणि मी एक मूर्खपणा केला... गुरुवारी सकाळी बाबांना फोन करून सांगितलं, ती छोटी गोळी आज घेऊ नका.

फोन ठेवला आणि आपण काय करून बसलो ते कळलं. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी चांगलंच झापलं. "असं मनानं औषध बंद करायचं नसतं. पेशंटला घेऊन या, समोर बघू." लगेच पुन्हा बाबांना फोन...

"घेतली न गोळी. तू फोन ठेवला अन् तुह्या आईनं हातात आणून देल्ली. म्हणे, डॉक्टरनं सांगतलं तं घ्याच."

शुक्रवारी रजा टाकली आणि आर्वीमार्गे एसटीने निघाले. वाटेत दर पाच मिनिटांनी अ‍ॅप बघत होते. चौऱ्याहत्तर... शहात्तर... रेंज गेली की फोन खिडकीशी धरायचे.

घरी पोचल्याबरोबर बाबांच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. ब्याण्णव. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटांनी नाडी मोजली, तीही तेवढीच. मग बाबांची मोजली... घड्याळात चौऱ्याहत्तर, बोटांखालीही चौऱ्याहत्तर.

घड्याळ एकदम ठणठणीत होतं.

"मग रात्री काय होतं याला?" मी अगदी रडकुंडीला आले होते.

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "रात्री तं थे माह्याच हातात राह्यते."

पट्ट्यानं रात्री बाबांच्या हाताला खाज सुटायची. ते झोपताना घड्याळ काढून ठेवायचे, सकाळी पुन्हा बांधायचे, आणि मी रागावेन म्हणून सांगायचे नाहीत. आई चारला उठते, बाजाराच्या भाजीच्या जुड्या बांधायला. "अंधारात टाइम दिसते त्याच्यात," ती म्हणाली, "म्हनून घालून घेतलं."

क्षणभर मला हायसं वाटलं. बाबांना काही नाही... आणि पुढच्याच क्षणी हिशोब उलटला. चारची पावलं आईची. तुटलेली झोप आईची. मग ते अडतीस...

तिच्या हातातली जुडी बाजूला ठेवली आणि मनगट धरलं. एक ठोका... मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं माझं बोट सरकलं. पूर्ण मिनिट मोजलं. जागेपणी, बसल्या जागी, चाळीस.

"आई, चक्कर येते का गं तुला?"

"येते कधी कधी. वावरात दोनदा खालीच बसली होती मी. म्हटलं, वय झालं. तुह्या बाबाचंच एवढं चालू होतं, त्याच्यात आपलं काय सांगाव?"

शेजारच्या काकांची गाडी घेऊन त्याच दुपारी तिला वर्ध्याला आणलं. ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा सिग्नल मधेच अडत होता, पेसमेकर बसवावा लागणार होता. मी डॉक्टरांपुढे अ‍ॅप धरलं तर त्यांनी जेमतेम नजर टाकली. म्हणाले, "घड्याळावरून निदान होत नसतं. पण हातानं नाडी मोजली आणि लगेच घेऊन आलात, ते बरं केलं."

पेसमेकर बसवत होते तेव्हा मी आणि बाबा बाहेर बाकावर बसलो होतो. बाबा हळूच म्हणाले, "दोनदा खाली बसली, अन् मले मालूम नाई..."

आई आता घरी आहे. खांद्याखाली टाके आहेत, डावा हात जास्त वर न्यायचा नाही म्हणून चिडचिड करते. चारला उठणं सध्या बंद... जुड्या बाबा बांधतात, आणि त्या सैल होतात, अशी तिची तक्रार.

मी मात्र ते दिवस विसरू शकत नाही. पट्टा आवळा, सेन्सर पुसा, रीसेट मारा, सगळं सांगून झालं होतं. घरात दोन माणसं राहतात, आणि "आई, तुला झोप लागते का?" हे एवढं एक वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. वेळेवर कळलं, हे आमचं नशीब.

आता रोज सकाळी फोन करते. बाबा उचलतात, आणि त्यांनी काही बोलायच्या आत मी म्हणते... आधी आईला द्या.