मुळशीला दोन पेशंट शिकवायला गेले

मुळशीला कशाला गेला होतात असं कुणी विचारलं की मी तळं सांगतो. खरं कारण वेगळं. मला आणि नसीमाताईंना तिथे शिकवायला बोलावलं होतं, आणि आमची पात्रता एवढीच की आम्ही दोघंही मनोरुग्णालयात राहून आलोय. मी नऊ वर्षांपूर्वी एकदाच, ताई तीनदा. ओळख ओपीडीच्या बाकावरची. माझं भूगावात नळ-फिटिंगचं दुकान, ताईंचं पौडला शिवणकाम.

एका नर्सिंग कॉलेजला नवा विषय सुरू करायचा होता: मानसिक आजार तो भोगलेल्या माणसाच्या बाजूने शिकवायचा, आणि शिकवणाराही तसाच हवा. अभ्यासक्रम ठरवायला तळ्याकाठच्या रिसॉर्टवर दोन दिवस. मी हौसेने चाललो होतो. ताईंना मात्र ती नोकरी हवी होती. "मशीन आता गुडघं मागतंय, भाऊ," त्या म्हणाल्या.

जाणाऱ्यांनी भूगाव सातच्या आत सोडावं. नंतर शाळांच्या बस आणि काँक्रीटचे मिक्सर तुम्हाला सोडत नाहीत. पौडला ताईंना घेतलं, मिसळ खाल्ली. नव्वद रुपये, रस्सा मागाल तेवढा. माले गावाच्या पुढे रस्ता झकास, पण तळं दिसलं की शहरातल्या गाड्या फोटोसाठी वळणावरच थांबतात. आधी हॉर्न द्या, मग कौतुक करा.

रिसॉर्टवर डॉक्टर-प्राध्यापकांना तळ्याकडच्या गॅलरीवाल्या खोल्या. आम्हा दोघांना तळमजल्यावर, पार्किंगसमोर. "सुरक्षेसाठी, सर," मॅनेजर अदबीने म्हणाला. माझ्या खोलीतली चहाची किटली काढली होती, पडद्यांच्या दोऱ्या काढल्या होत्या, आरसासुद्धा. पोहोचल्यावर पुन्हा नाश्ता होता; सगळ्यांना सुऱ्या, आम्हाला चमचे. मी चमच्याच्या पाठीने ब्रेडला लोणी फासलं.

"तुमच्या दुकानात करवती किती हायेत?" ताईंनी विचारलं.

"बारा."

"मग हितं एका सुरीनं काय व्हनार हाय?"

पहिला दिवस आमच्या दृष्टिकोनावर इतरांची भाषणं ऐकण्यात गेला. आमच्यासाठी चार दहा ते चार वीस अशी वेळ होती, ती चहात गेली. 'पेशंट' म्हणायला नको म्हणून आम्हाला ते सगळे 'ग्राहक' म्हणत होते. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक गळका नळ परत आणून काउंटरवर आपटतं. वॉर्डातून काय परत आणून आपटणार? जेवण मात्र उत्तम. इंद्रायणीचा भात आणि आमटी चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्या मॅडम म्हणाल्या, "नसीमाताईंनी एक तास घेऊन दाखवावा. मग नेमणुकीचं ठरवू."

ताई कापडी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "फोन, घड्याळ, पट्टा, किल्ल्या, समदं हितं टाका. भरतीच्या वक्ताला असंच घेत्यात." मॅडमनी कौतुकाने सगळ्यांत आधी टाकलं. मग ताईंनी माझ्या हातात वही दिली. "भाऊ, जे दिसंल ते लिवायचं. कुनी काय इचारलं तर म्हनायचं, सांगतील." आणि बाहेरून कडी लावून, पिशवी घेऊन त्या चहाला गेल्या.

पाच मिनिटं सगळे हसत होते. दहाव्या मिनिटाला एक सडपातळ प्राध्यापक एका हाताने पँट धरून येरझाऱ्या घालू लागले. पंधराव्याला मॅडमनी दार वाजवलं.

"कधी येणार त्या?"

"सांगतील."

"अहो, मला महत्त्वाचा फोन करायचाय."

"सगळेच तसं म्हणतात, मॅडम."

"मी या कॉलेजची प्राचार्या आहे."

मी लिहून घेतलं.

पंचवीस मिनिटांनी ताई आल्या आणि वही मोठ्यांदा वाचायला लावली. "पुरुष, वय पंचेचाळीसच्या आसपास. उगाच फेऱ्या मारतो, पँट सोडत नाही. स्त्री, पन्नाशीची. दार वाजवते. तोच प्रश्न परत विचारते. स्वतः प्राचार्या असल्याचं सांगते."

ताई म्हणाल्या, "नाडी काडून घेतल्यावर मी बी सलवार धरून फिरायची. माज्या कागदावर लिवलंय, 'हात सतत पोटावर'."

सगळे इतके वरमले, की पिशवी मागायचंही कुणाला सुचलं नाही. तिथेच बैठक बसली. विषय मंजूर, चाळीस मार्कांचा. मार्क नसले तर कोण शिकणार? मग टाइप केलेला कागद आला. शिक्षक: नर्सिंगचे पदव्युत्तर पदवीधर. आणि खाली, आवश्यक साहित्य: प्रोजेक्टर एक, सरावाचा पुतळा एक, अनुभवी रुग्ण एक.

मॅडम ओशाळल्या. "ताई, पदवीशिवाय शिक्षकाच्या रकान्यात नाव बसत नाही. तुम्हाला बसवायला हाच रकाना उरला."

ताई गप्प. जेवणं झाली, सगळ्यांच्या बॅगा गाड्यांपाशी आल्या, तरी गप्पच.

"ताई, आमची पिशवी?" मॅडमनी विचारलं. ताईंनी तळ्याकडे पाहिलं. मॅडमनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे वळल्या.

"त्या साहित्यात आहेत, मॅडम," मी म्हणालो. "पुतळ्याला विचारून बघा."

प्राध्यापक पँट धरून मनापासून हसले. मॅडमनी माझंच पेन घेतलं, ती ओळ खोडली, वर लिहिलं 'शिक्षिका: नसीमाताई, पदवीची अट नाही', आणि सही केली.

ताईंनी कागद नीट वाचला. "पिशवी भाऊंच्या खोलीत हाय. समद्या रिसॉर्टात तीच एक सुरक्षित."

परतताना पौडपासून भूगावला दीड तास लागला. रविवारी संध्याकाळी येऊ नका. वरची मंजुरी अजून आलेली नाही आणि ताईंनी मशीन अजून विकलेलं नाही. त्या कागदाची झेरॉक्स मात्र मशीनवरच्या भिंतीला चिकटवली आहे.

घरी आल्यावर मी माळ्यावरून माझी जुनी फाइल काढली. लाजेपोटी नऊ वर्षांत ती उघडली नव्हती. माझ्याबद्दल काहीतरी भयंकर लिहिलं असेल असं वाटायचं. बायको शेजारी बसली, तिनेच वाचलं: "वारंवार विचारतो, घरी कधी सोडणार. स्वतःचं दुकान असल्याचं सांगतो."

दुसऱ्या दिवशी नऊला मी शटर वर केलं.