टेम्पोतला सरहद्दीचा दगड

गेल्या वैशाखात, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, गावाच्या शिवेवरचा सरहद्दीचा दगड रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने उपटला.

आमचं गाव जामखेड तालुक्याच्या पूर्वेला. दगडाच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता, पलीकडे निजामाचा. पलीकडच्या गावांना म्हातारी माणसं अजून मोगलाई म्हणतात. कंबरेएवढा काळा दगड, आमच्या बाजूला इंग्रजी अक्षरं, मागे झिजलेली उर्दू. इतिहास म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नसे. पण मोगलाईत दिलेल्या मुलीची गाडी तिथे थांबायची, दगडावर नारळ फुटायचा, मगच गाडी पुढे जायची.

चुलत्यांच्या थोरल्या मुलीच्या पाठवणीत गाडी थांबली नव्हती. ड्रायव्हर बाहेरचा, त्याला कोणी सांगितलं नाही. वर्षाच्या आत ती परत आली. आता नगरला राहते, नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. धाकटीचं स्थळही मोगलाईतलंच. चुलत्यांनी मंडप, आचारी, बँड सगळं दुसऱ्यांवर सोपवलं होतं. नारळाचं मात्र भेटेल त्याला बजावत होते.

दगड गेल्याचं कळलं तेव्हा हळदीची तयारी चालली होती. चुलते तसेच उठले. मी मोटारसायकल काढली. रस्त्याच्या कामाचा कॅम्प पुढच्या फाट्यावर होता. खडीच्या ढिगाशेजारी दगड आडवा पडला होता.

"काका, ऐतिहासिक दगड आहे हा," सुपरवायझर म्हणाला. "काम झालं की परत बसवणार. माहितीचा बोर्डपण लावणार."

"कवा?"

"पावसाळ्यानंतर."

"पोरगी उद्या जातीय. तिला पावसाळाभर मांडवात बसवू व्हय?"

सुपरवायझर हसला. चुलते हसले नाहीत. ते कॅम्पवरून हललेच नाहीत; हळद त्यांच्याशिवाय लागली. अंधार पडायच्या आत सुपरवायझरने दगड न्यायला परवानगी दिली. अट एकच, नारळ झाला की तो शिवेवर उतरवून ठेवायचा.

घरी थोरली बापाला म्हणाली, "आबा, माझा संसार दगडानं न्हाई मोडला. दारूनं मोडला."

"तू गप ऱ्हा."

"गप हाय म्हणून तर चाललंय तुमचं."

दुसऱ्या दिवशी पाठवणीला दगड भाजीच्या टेम्पोतून निघाला, मागे नवरीची गाडी आणि वऱ्हाडाच्या जीपा. शिवेवर खुणेला काही उरलं नव्हतं. बाभळी तोडलेल्या, दोन्ही कडांना सारखाच मुरूम. दगड ओढ्याच्या मोरीच्या अलीकडे होता एवढंच सगळ्यांना मान्य होतं. चुलते म्हणाले, इथं. भावकीतले एक म्हणाले, "न्हाई, आजून म्होरं." टेम्पो पुढे-मागे होत राहिला. शेवटी वळून यायला म्हणून तो मोरी ओलांडून पलीकडे गेला.

मागून हॉर्न सुरू झाले. व्याह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "पाव्हणं, आमाला घरी जायचंय का निजामाचा परवाना काढायचाय?"

जीपांमध्ये हशा झाला. नवरीची गाडी निघाली, मोरी ओलांडून टेम्पोच्या बाजूने पुढे जाऊ लागली. तेव्हा थोरली धावत जाऊन गाडीसमोर उभी राहिली. बॉनेटवर दोन्ही हात ठेवून ती ड्रायव्हरला म्हणाली, "नारळ फुटल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

चुलते टेम्पोत चढले आणि त्यांनी दगडावर नारळ फोडला. गाडी गेली.

टेम्पोवाल्याला बाजार गाठायचा होता. चौघांनी टेम्पो उभा होता तिथेच, मोरीच्या पलीकडे, दगड उतरवला. उभा करताना तो उलटा फिरला. उर्दू अक्षरं आमच्याकडे आली.

पावसाळा संपल्यावर कंपनीने दगड तिथेच काँक्रीटमध्ये बसवला आणि शेजारी निळा बोर्ड लावला. येथे ब्रिटिश हद्द संपून निजामाचे राज्य सुरू होत असे, असं त्यावर लिहिलं आहे. चुलत्यांनी तो वाचला. खरी शीव मोरीच्या अलीकडे होती, हे त्यांनी सुपरवायझरला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवाळीला धाकटी नवऱ्याबरोबर आली. भाऊबीज झाल्यावर दोघं परत गेली. जाताना गाडी बोर्डापाशी थांबली होती. नारळ थोरलीने दिला होता.