पुराच्या रेघा

टोकियोत, निशी-कसाईत आमच्या इमारतीसमोरच्या खांबावर, पूर आला तर पाणी कुठवर चढेल, ते दाखवणारी निळी पट्टी आहे. ती पाहिली की पूर्वी मी भाड्याने राहायचो ते जर्मन गाव आठवतं. पुढे नदी, मागे द्राक्षमळ्यांचा उभा डोंगर, मध्ये एकच रस्ता. तो बुडाला आणि मी घरमालकीणबाईंच्या माडीवर चार दिवस अडकलो. वैतागून विचारलं, "तुम्ही हे गाव सोडत का नाही?"

पाणी ओसरल्यावर त्यांनी खालच्या दाराची चौकट दाखवली. आजोबांपासूनच्या पुरांच्या रेघा, आणि त्यांतच बाईंची लहानपणीची उंची. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला.

आज माझी लेक त्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. "बाबा, पट्टीपर्यंत आले का?"

"पुढच्या वर्षी पोचशील," मी बोलून गेलो. पुढच्या वर्षी पुण्याला परतायचं, असं मीच घरात दहा वर्षं सांगत आलोय.