जमीलाबाईंची पहिली कबर

पेपर मिलचा आंबूस वास बल्लारपुरात ज्या काळी घरोघरी मुक्कामाला असे, त्या काळी वस्तीतल्या लेकीसुनांचे हात जमीलाबाईंच्या मांडीवर असत. बाजारात चटई पसरून त्या बांगड्या भरत. हात दाबता दाबता माहेरची खबर विचारत, आणि बोलण्याच्या भरात बांगडी मनगटावर कधी उतरली, हे त्या पोरीला कळतही नसे. सायकलवर पेटी पोहोचवायला आलेले त्यांचे पती मुश्ताकभाई उगाच घुटमळत ते पाहत राहत. आज त्यांच्यापाशी शिल्लक आहे ती बहुतेक हीच दौलत.

२००३ साली जमीलाबाईंच्या छातीत गाठ निघाली. देशाला कोळसा आणि कागद पुरवणाऱ्या या जिल्ह्यात तिची धड तपासणी होईना. रुग्णाला नागपूरला धाडणे हाच इथला जुना उपचार, आणि त्याची कोणाला लाज वाटल्याचे ऐकिवात नाही. नागपुरात शस्त्रक्रिया होऊन स्तन काढावा लागला.

देहाचा कापलेला भाग मातीलाच द्यायचा, ही घरची रीत. मुश्ताकभाई प्रयोगशाळेत अडून बसले. "तिचा कण बी इथी ठेवाचा नाई." शेवटी तपासून उरलेला भाग, आणि तपासणीसाठी मेणात बसवलेले त्याचे लहान तुकडेही, त्यांच्या हवाली झाले. भाग पांढऱ्या कापडात गुंडाळून आणि तुकडे पत्र्याच्या डबीत घालून त्यांनी सारे कब्रस्तानात कडुनिंबाखाली पुरले.

त्यानंतर जमीलाबाई गिऱ्हाइकांना सांगत, "माही कबर तयार हाये बाई. थोडी मी पुढं गेली, बाकीची येऊन राह्यली." बायका हसत. मुश्ताकभाई पेटीचे कुलूप चाचपत राहत.

वर्षाच्या आत दुखणे उलटले. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "काही गाठींच्या पेशींवर ठरावीक खुणा असतात. ओळखीच्या तीन आहेत. त्या असल्या, तर त्यांनाच धरून काम करणारे औषध देता येते. मेणातले तुकडे आणा, पाहू."

मुश्ताकभाईंचा चेहरा उतरला. "ते त म्या दफन केले, साहेब."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत बसले. पुरलेले उकरायला मन धजेना, आणि न उकरावे तर उरलीसुरली आशाही मातीतच राहणार. विषय संपवला तो जमीलाबाईंनी.

"अजी, कबर कोनाची? माही. मंग मुर्दाच म्हनते खोदा, तुमी काऊन घाबरून राह्यले?"

मौलानांनीही जिवंत बाईच्या इलाजासाठी हरकत घेतली नाही. मुश्ताकभाईंनी स्वतःच्या हातांनी माती बाजूला केली. डबी गंजली होती. आतले मेण जसेच्या तसे होते.

तुकडे नागपूरहून तपासणीला मुंबईला जाऊन परत आले. निकाल सांगताना डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "तिन्हींपैकी एकही खूण नाही. अशी गाठ जोरात वाढते, आणि तिला नेमके धरणारे औषध आज आमच्यापाशी नाही."

जमीलाबाई म्हणाल्या, "म्हंजे माह्या गाठीले मनगटच नाई. बांगडी भराची कुठी?"

"मनगट असेल, बाई. आम्हाला सापडलेले नाही. अशा गाठींवर दुसरी एखादी खूण शोधून, शरीरातल्या राखणदार पेशींना ती ओळखायला शिकवता येईल का, यावर काही लोक काम करत आहेत. तुकडे त्यांच्यासाठी इथेच नागपुरात ठेवून घेऊ का? तुम्हाला स्वतःला उपयोग होईल, असे मात्र मी म्हणणार नाही."

"नाई साहेब," मुश्ताकभाई म्हणाले. "ते परत मातीत जातीन."

"राहू द्या हो," जमीलाबाई म्हणाल्या. "म्या जिंदगीभर लोकायचे मनगटं धरले. आता कोनाले माहं धुंडू द्या. एखाद्या पोरीच्या कामी येईन."

 उठताना मुश्ताकभाईंनी रिकामी डबी तेवढी खिशात घातली.

त्या हिवाळ्यात जमीलाबाई गेल्या. त्याच कडुनिंबाखाली, पहिल्या कबरीला लागून त्यांना जागा मिळाली. जिल्हा पुढेही रुग्ण नागपूरलाच धाडत राहिला. बाजारात प्लास्टिकच्या बांगड्या आल्या. त्या घालायला कोणाच्या मांडीवर हात ठेवावा लागत नाही.

मुश्ताकभाई शुक्रवारी कब्रस्तानात जातात. दुआ झाल्यावर कोणी ओळखीचे भेटले आणि कबरीकडे पाहून म्हणाले, "भाभी इथीच हायेत ना?", की ते मान हलवतात.

"पुरी नाई. थोडी नागपुरात हाये. कामाले गेली."