बेकु म्हणायचं होतं

कन्नडात 'बेकु' म्हणजे पाहिजे आणि 'बेक्कु' म्हणजे मांजर. बंगळुरात येऊन मला अकरा वर्षं झाली, तरी घाबरले की माझ्या तोंडून क दोनदा निघतो. दूध मागायला गेले की दुकानदार विचारतो, "मांजराला का अक्का?"

चामराजपेटेत आम्ही दोघी एका खोलीत राहतो. मी रेशमी साड्यांच्या पदराला गोंडे बांधते. ती पीण्या नावाच्या भागात एका कारखान्यात पॅकिंग करते. ती निपाणीकडची, दोन्ही भाषा घडाघडा बोलते. मी चौथी शिकलेली, आणि परक्यासमोर माझी एकही भाषा धड चालत नाही. खोली घेताना मालकीणअम्मांनी विचारलं होतं, "अक्का-तंगी?" म्हणजे थोरल्या-धाकट्या बहिणी का. मी मान हलवली. तेव्हापासून सगळ्या गल्लीत आम्ही बहिणी.

मागच्या वर्षी पुण्याची एक मुलगी आईची साडी घेऊन गोंड्यांसाठी आली. कंप्युटरच्या कंपनीत काम करते. खोलीतली एकच कॉट तिने बघितली. साडी न्यायला आली तेव्हा सोबत दुसरी मुलगी होती. "मावशी, ही माझी पार्टनर," असं उंबऱ्यातच मोठ्याने म्हणाली. मी आधी दार लोटून घेतलं.

त्या दोघी सुट्टीच्या दिवशी छोटे सिनेमे करतात. नव्या सिनेमात उभं राहाल का, असं त्यांनी मला विचारलं. त्यात गोष्टच नव्हती. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका आणि पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, एकेक जण भर रस्त्यात उभा राहणार, आपल्या माणसाकडे बघणार आणि एकच शब्द बोलणार. बेकु. बस.

"पुढं काय होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही मावशी. तेवढाच सिनेमा. चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरं घेऊ."

मी पाठमोरी उभी राहायला तयार झाले, तेही आमच्या हिने डोळे मोठे केले म्हणून.

सकाळी फुलबाजाराजवळच्या बसथांब्यावर मला उभं केलं. माझी पाठ कॅमेऱ्याकडे, तोंड रस्त्याकडे. ही कॅमेऱ्याच्या शेजारी, शेवंतीच्या ढिगापाशी. मला फक्त मान थोडी वळवून शब्द बोलायचा होता. माणसं थांबून बघायला लागली. मी घाबरले आणि मोठ्याने म्हटलं, "बेक्कु!"

ही फुलांवर ओणवी होऊन हसायला लागली. "अगं, मांजर कशाला पाहिजे तुला? मी हाय की हितं!" मलाही हसू फुटलं. हसता हसता मी सगळीच तिच्याकडे वळले.

पुण्याच्या मुलीने पुन्हा दोनदा घेतलं, पाठमोरं आणि बरोबर उच्चाराचं. पण संध्याकाळी ती कागद घेऊन आली. "पहिलाच बेस्ट आलाय मावशी. पण त्यात तुमचा चेहरा दिसतो. तुम्ही नाही म्हणालात तर डिलीट." कागद माझ्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिला होता. चेहरा दाखवावा का? हो. नाही.

तो कागद चार दिवस इस्त्रीखाली राहिला. गल्लीला कळलं आणि अम्मांनी खोली सोडायला सांगितली, तर दोघींनी जायचं कुठे? मी तसं बोलून दाखवलं.

"अकरा वर्षं तुझी तंगी झाले," ही भाकरी थापत म्हणाली. "लई झाली. तू माझ्याकडं बघून हसतीस ते एकदा तरी कुणाला दिसू दे. न्हाईतर पाठ दाखव. पाठबी बरी हाय तुझी."

मी 'हो'वर खूण केली.

घोळ पुढेच झाला. रविवारी एका हॉलमध्ये असे छोटे सिनेमे दाखवणार होते, आणि फुलबाजारातलं शूटिंग अम्मांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, सिनेमात तू काय बोललीस? मी खरं तेच सांगितलं, "बेक्कु." अम्मा रोज तीन मांजरांना दूधभात घालतात. त्या म्हणाल्या, मांजराचा सिनेमा? मीही येणार!

तर रविवारी दुपारी हॉलमध्ये आमच्या दोघींच्या मधे अम्मा बसल्या, मोगरा माळून. आमच्या आधीच्या सिनेमात बसमधल्या दोन पुरुषांचे नुसते गुडघे दिसत होते, बराच वेळ. अम्मा म्हणाल्या, "ह्यांचा स्टॉप येत नाही का?" मग आमचा लागला. एकेक माणूस येऊन बेकु म्हणत होता, आणि समोर कोण आहे तेही दिसत होतं. अम्मा खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मग पडद्यावर मी आले, एवढी मोठी. मी मांजर मागितलं, सगळा हॉल हसला, आणि मी हिच्याकडे वळून हसले. माझं तोंड असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. मी पदर तोंडात धरून बसले.

बाहेर रिक्षात बसल्यावर अम्मांनी हिला विचारलं, "ही तुझी अक्का नाही?"

"नाही अम्मा," ही म्हणाली. "खोली... सोडायची का आम्ही?"

"खोलीने काय केलं?" अम्मा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण तुला अकरा वर्षांत एक शब्द येत नाही? सगळ्यांसमोर लाज काढलीस. म्हण, बेकु. एकच क."

मी म्हटलं. चुकलं. रिक्षावाल्या अण्णाने मागे वळून दुरुस्त केलं.

तिसऱ्यांदा हिच्याकडे बघून म्हटलं, तेव्हा बरोबर आलं.

"सरी," अम्मा म्हणाल्या. सरी म्हणजे बरोबर.