परक्या बायांचे हात

"मग परक्या बायांचे हात ह्यांनी धरायचे का?"

अम्मा ओरडत होती. तिसगावच्या भर बाजारात, बांगड्यांच्या टोपल्याजवळ उभी राहून, अब्बांकडे बोट करून. अम्माचा आवाज असा, की इथून हाक मारली तर भंडारदऱ्याचं पाणी दोन हात मागं सरावं. त्या दिवशी भज्यांच्या कढईतलं तेल गार पडलं आणि पलीकडं बांधलेली एक म्हैस जी आटली ती आठ दिवस आटलेलीच राहिली. तिचा मालक शपथेवर सांगायचा.

समोर आमच्या जमातीचे नवे सदर, म्हणजे अध्यक्ष, उभे होते, पाठीशी चार धट्टेकट्टे जवान घेऊन. सदर सहा वर्षं आखातात राहून परतले होते. येताना दोन पेट्या आणल्या. एकीत कपडे होते, दुसरीत नियम असावेत. वर्षभरात बायकांचं दर्ग्यावर जाणं बंद झालं. मग लुगड्यावर काळा बुरखा आला. मग मुलींची शाळा सातवीला थांबली, आणि माझी सातवी त्याच वर्षी झाली. पुढं रेडिओवर अफगाण मुलखातल्या बायांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्या समजायला मला नकाशा लागला नाही.

आता हुकूम होता तो असा, की मणियाराच्या, म्हणजे बांगड्या भरणाऱ्याच्या, बायकोनं बाजारात बसायचं नाही. घरात मर्द आहे, त्यानं बसावं.

"गिऱ्हाईक बाई, मी बी बाई," अम्मा म्हणाली. "मी तिचा हात धरला तर गुन्हा, आन् ह्यांनी धरला तर चालतंय? कुठल्या किताबात लिवलंय ते दाखवा."

सदरांनी रुमालानं मान पुसली. शेजारची कांदेवाली म्हणाली, "भाभी, माजा हात तरी तुमीच धरा बाई. ह्यांचं काय सांगावं." सगळा बाजार हसला. ते हसू आम्हाला महागात पडलं.

जुम्म्याला अब्बा मशिदीतून आले ते चपला काढायचं विसरून तसेच घरात शिरले. सदरांनी नमाजनंतर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की ज्या घरची बाई बाजारात बसेल, त्या घरात काझी निकाह वाचणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा निकाह पंधरा दिवसांवर होता.

अम्मानं टोपल्यावर तरट टाकलं.

पुढच्या बाजारी अब्बा बसले. मला अजून बुरखा नव्हता, म्हणून बांगड्यांच्या दोऱ्या सोडायला मी सोबत गेले. अब्बांनी जन्मभर नगरहून माल आणला होता, भरला मात्र एकाही हातात नव्हता. परक्या बाईचा हात धरायचा म्हणून त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"चाचा, डोळं उघडा," पहिलीच बाई म्हणाली. "हात माजाच हाय, पळून न्हाई जात."

दुसरी एक नवी नवरी होती, सासूबरोबर आलेली. अब्बांनी तिचा पंजा दाबला, बांगडी कचकन मोडली, रक्त आलं. आणि घाबरून अब्बा म्हणाले, "फुटली." आमच्या धंद्यात हा शब्द जिभेवर येत नाही. सवाष्णीपुढं बांगडी 'वाढली' म्हणायचं असतं. सासू ताडकन उठली.

"माजी सून सवाशीण हाय. काय बोलता, कळतं का?"

ती सुनेला ओढत घेऊन गेली. त्यानंतर कुणी बाई थांबली नाही. त्या बाजारात इतकी काच सांडली की लोक अजून तिथं अनवाणी चालत नाहीत, असं मी सगळीकडं सांगते. सांडल्या होत्या सात-आठ बांगड्या.

निकाह वाचला गेला. सदर स्वतः आले, दोनदा वाढून घेऊन जेवले. आत पडद्याआड अम्मानं बहिणीच्या हातात हिरवा चुडा भरला. एक बांगडी वाढली नाही. भरून झाल्यावरही अम्मा तो हात बराच वेळ धरून बसली.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी टोपलं पुसलं, दोऱ्या लावल्या, दाराशी आणून ठेवलं.

"अम्मा, झाला की निकाह. आता कोन काय करनार? चल."

अम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुजा राहिलाय," ती म्हणाली.