लावणार कोण?

‘रविवार, १९ जानेवारी २०२५. सकाळी दाट धुके. डमडमहून मेट्रोने महाराष्ट्र मंडळात. हळदीकुंकू. लाडू नोलेन म्हणजे खजुराच्या गुळाचे, हाताला चिकटत होते.’

एवढे लिहून कालिंदीबाई थांबल्या. दुपारचे कसे लिहावे, सुचेना.

पती दिगंबरराव गेल्यापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या आत स्वयंपाकघरात लाडू वळत बसायच्या. कोणी बाहेर बोलावले नाही, त्यांनीही विचारले नाही. कान मात्र हॉलमधल्या बांगड्यांकडे असायचे.

यंदा नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्यात आलेल्या विनीताने सभेत विषय काढला, विधवांनाही हळदीकुंकवाचा मान द्यायचा. जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. एकट्या प्रेमलताबाई म्हणाल्या, “मला नाही पटत.”

“काकू, काळ बदललाय.”

“काळ येणार आहे का कुंकू लावायला? लावणार कोण, ते सांगा. कालिंदी बसेल ताटकळत आणि तुम्ही बघाल एकमेकींची तोंडं.”

इतक्या वर्षांच्या मैत्रिणीचे हे बोलणे कालिंदीबाईंना फार लागले. आठवडाभर त्यांनी तिचा फोन घेतला नाही.

आज त्या मोतिया रंगाची साडी नेसून हॉलमध्ये सगळ्यांत बसल्या. करंडा घेऊन श्रुती आली, थबकली. “मावशी, तुम्ही तिळगूळ घ्या ना,” म्हणत शेजारणीकडे वळली. मागून उषाने अत्तर लावले, गुलाबपाणी शिंपडले आणि तीही पुढे सरकली. विनीता वाणाच्या पिशव्यांत डोके घालून होती. होकार बाकी सगळ्यांनी दिला होता. पण कोणाचा होकार बोलावण्यापुरता, कोणाचा दुसरी कोणीतरी लावेल या भरवशावरचा. कालिंदीबाईंनी पदर सावरला. उठून आत जावे, लाडू तरी वळावेत.

तेवढ्यात गुडघ्यावर हात टेकत प्रेमलताबाई उठल्या. श्रुतीच्या हातून त्यांनी करंडा घेतला.

“मला अजूनही पटलेलं नाही,” त्या समोर येऊन म्हणाल्या. “पण तुला हवंय का?”

हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. सभेतही नाही.

“हवंय,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“मग मान वर कर. आणि फोन उचलत जा.”

कुंकू थोडे तिरपे लागले.

घरी आल्यावर कालिंदीबाईंनी तोंड धुतले, ते कपाळ सोडून. आता पेन पुन्हा उचलून त्यांनी एकच ओळ लिहिली:

‘वाण: स्टीलची गाळणी. चहाची जुनी टाकून दिली.’